चोवीस तासवाल्यांच्या खाली

१० फेब्रुवारी

एकोणिसावे! चाळीस वर्षांचं दुकान आणि नेटवर आम्ही एकोणिसावे!

आज दुपारी शेजारच्या शिवणाच्या दुकानातल्या काकूंच्या मोबाइलवर सहज बघितलं. 'जवळचा किल्लीवाला' असं टाकलं. जवळचा म्हणजे भिंतीपलीकडचा — आणि आमचं नाव दिसेपर्यंत काकूंचा अंगठा दुखायला लागला. "अगं, तुझं दुकान आहे तरी का यात?" म्हणाल्या आणि हसल्या. मला नाही हसू आलं.

कारण गेला महिनाभर मी रोज सकाळी माझ्या मोबाइलवर बघतेय आणि रोज आम्ही पहिले. सासरेबुवांना दाखवलं, यांना दाखवलं, समोरच्या चहावाल्यालासुद्धा दाखवून आले. आता कळतंय — जी बाई रोज उठून स्वतःचंच दुकान शोधते, तिला मोबाइल दुसरं काय दाखवणार! महिनाभर स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली मी.

यांना सांगितलं. "बरं," म्हणाले. नुसतं 'बरं'! त्यांच्या त्या 'बरं'नं माझं डोकं जास्त फिरलं.

१२ फेब्रुवारी

घरात तोंड उघडायची सोय नाही म्हणून इथं सगळं लिहून ठेवते.

पुलाचं काम निघालं, रस्ता मागून वळवला, आणि दुकानासमोरून माणूस जायचा बंद झाला. त्याला दीड वर्ष झालं. पूल झाला तरी रस्ता मागचाच राहणार म्हणे. दीरांनी त्यांच्या गावात यांच्यासाठी नोकरी बघून ठेवलीय — लोखंडी सामानाच्या गोदामात, भांडारपालाची. एकतीस मार्चपर्यंत हो-नाही कळवायचं. यांचं मनातून हो झालेलंच आहे, मला चेहऱ्यावरून कळतं.

मी हट्टाला पेटले. म्हटलं, एकतीसपर्यंत मला द्या. नेटवरून आठवड्याला दहा नवे फोन आणून दाखवते. आणले तर दुकान राहील. नाही आणले तर मी स्वतः शटर ओढीन.

लग्न होऊन आले तेव्हा मला कुलूप फक्त लावता येत होतं. सासरेबुवांनी मशीनवर बसवलं, कानस हातात दिली. आज नुसत्या खाचा बघून सांगते, किल्ली कुठल्या बनावटीची आणि किती वर्षं वापरलेली. त्या गावात जाऊन मी काय करू? दीरांच्या घरात भाज्या निवडू? हे बाहेरची कामं करतात, लोकांची अडकलेली दारं उघडतात, पण ते दुकान मी चालवते. माझं आहे ते.

१३ फेब्रुवारी

छापखानेवाल्यांकडे गेले. वेबसाइट त्यांनीच करून दिली होती, व्हिजिटिंग कार्डांबरोबर. विचारलं, वर कशी आणायची? आकडा ऐकून मी खुर्चीतून उठलेच. दुकानाचं तीन महिन्यांचं भाडं! "तेसुद्धा आपलं म्हणून सांगितलं," म्हणाले.

दुपारी आणखी एकाचा फोन. सात दिवसांत पहिला नंबर, खात्रीशीर! मी म्हटलं, तुमचं स्वतःचं नाव शोधलं तर कितवं येतं? फोन ठेवून दिला त्यानं.

मग ठरवलं. मीच करणार. व्हिडिओ बघायचे, वहीत उतरवायचं आणि दुकान रिकामं असतं तेव्हा करायचं. रिकामं तर काय, दिवसभर असतं!

१६ फेब्रुवारी

लाज वाटावी अशा गोष्टी सापडताहेत.

आमची वेबसाइट उघडायला घड्याळ लावून मोजलं — चौदा सेकंद. दाराबाहेर पिशव्या घेऊन उभा असलेला माणूस चौदा सेकंद थांबेल? कारण काय, तर सासरेबुवांचा तो कुलुपांच्या भिंतीपुढचा फोटो. छापखानेवाल्यांनी भिंतीवर चिकटवायला काढलेला होता, तोच तसाच्या तसा चढवलाय. लहान केला. आता तीन सेकंद.

आणि नाव! शोधात आमच्या दुकानाच्या जागी निळ्या अक्षरांत काय दिसतं? 'मुख्य पान'. दोन वर्षं आम्ही जगाला सांगतोय की आम्ही मुख्य पान आहोत! किल्ली, कुलूप, दार, गाव — एक शब्द नाही. बदललं.

सासरेबुवांना कानांनी कमी ऐकू येतं. त्यांना ओरडून सांगितलं, तुमचा फोटो बारीक केला. "मी बारीकच आहे," म्हणाले.

१७ फेब्रुवारी

अजून एकोणिसावेच. काकूंचा मोबाइल मागायलाही आता संकोच वाटतो.

१९ फेब्रुवारी

आमचा पत्ता नेटवर तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी आहे. एका यादीत जुना रस्ता, एकीत दुकानाचा नंबरच नाही, आणि एकीत फोन नंबर आठ वर्षांपूर्वीचा! त्या नंबरवर लावून बघितलं. एका बाईंनी उचलला. किल्लीवाले का, असं विचारायच्या आतच म्हणाल्या, "नाही हो, मी किल्लीवाली नाही, सगळे मलाच का विचारता?"

सगळे! म्हणजे माणसं फोन करत होती. करून थकली आणि दुसरीकडे गेली.

तिन्हीकडे एकच पत्ता, एकच नंबर केला. अर्ज, पडताळणी, पुन्हा अर्ज — दिवस गेला. बाईंची माफी मागितली. एक किल्ली फुकट करून देईन म्हटलं, तर म्हणाल्या, नको, फक्त फोन थांबवा.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मोठं काम केलं. व्हिडिओत सांगितलं होतं, लोकांच्या अभिप्रायांनी नंबर वर जातो. मग काय! घरातच मंडळ भरवलं. माहेरचे, सासरचे, काकू, काकूंच्या जावा — सतरा जण. सगळ्यांना चहा-बिस्किटं, आणि ज्याचा-त्याचा मोबाइल आमच्या वायफायला जोडून दिला. दीड तासात सतरा अभिप्राय, सगळे पाच ताऱ्यांचे. माझ्या आत्यानं लिहिलं, 'सून फार गुणी आहे.' म्हटलं, अहो आत्या, मी तुमची भाची, आणि किल्लीबद्दल लिहा! तर म्हणाली, किल्लीचं मला काय कळतं, तू गुणी आहेस ते कळतं.

हे कोपऱ्यात बसून होते. मध्येच मोबाइल वाजला, पेटी उचलून गेले. जुनं गिऱ्हाईक म्हणे. यांची जुनी गिऱ्हाईकं आहेत म्हणून तरी घर चाललंय.

२६ फेब्रुवारी

गेले. सतराच्या सतरा उडाले.

वर पूर्वीचे खरे चार होते, त्यांतलेही दोन गेले. एका जागेवरून, एका दिवशी, एकाच वायफायवरून सतरा जणांनी एकदम वाहवा केली तर कुणालाही संशय येईल — आणि हे मला, कुलुपांच्या दुकानातल्या बाईला, कळू नये! कुणी एकाच दिवशी सतरा किल्ल्या करायला आला तर मी त्याला आधी ओळखपत्र मागते!

आता बाविसावे आहोत. एकोणिसाव्यावरून बाविसाव्यावर आणलं मी दुकान. स्वतःच्या हातानं.

जेवले नाही. यांनी ताट वाढून समोर ठेवलं आणि म्हणाले, "सोड ना आता. भावाला कळवून टाकतो." मी म्हटलं, अजून तेहतीस दिवस आहेत. मला वाटतं, मी हरावं असंच त्यांना वाटतंय.

२ मार्च

वेगळं काहीतरी.

आज सासरेबुवांना समोर बसवलं. म्हटलं, बाबा, चाळीस वर्षांत लोकांनी तुम्हाला काय काय विचारलं ते सांगा. त्यांना वाटलं, मुलाखत आहे. टोपी घालून बसले!

पण काय सांगितलंय! किल्ली कुलपात तुटली तर दुसरी आत का घालू नये. थंडीत दार का अडकतं. लॅच मागे ओढला गेला आणि गॅस चालू राहिला तर आधी कुणाला फोन करायचा (आम्हाला नाही!). भाडेकरू गेला की अख्खं कुलूप न बदलता आतला गाभा कसा बदलायचा. मी लिहून घेतलं आणि जसं बोलले तसं एकेक पान करून चढवलं. चार पानं झाली.

हे संध्याकाळी वाचून म्हणाले, "सगळं फुकट सांगून टाकलंस. मग आपल्याला कोण बोलावेल?" सासरेबुवांना बरोबर तेवढं ऐकू आलं. म्हणाले, "अरे, वाचून दार उघडता आलं असतं तर तू शाळेत असतानाच उघडलं असतंस."

हे हसले. किती दिवसांनी!

आणि किल्ली नेणाऱ्याला आता एक चिठ्ठी देते — 'काय काम झालं ते तुमच्या शब्दांत लिहा, जमेल तेव्हा, घरी गेल्यावर.' घरी गेल्यावर, हे अधोरेखित!

९ मार्च

अकरावे!!

आणि फोन! वहीत पहिली नोंद. एक परिचारिका, दवाखान्यातून घरी आली आणि किल्लीचं टोक कुलपात राहिलं. "तुमच्या पानावर वाचलं दुसरी घालू नका, म्हणून थांबले," म्हणाली. हे गेले, दार न फोडता काढून दिली. रात्री तिनं अभिप्राय लिहिला, सात ओळींचा, तुटलेल्या टोकाच्या फोटोसकट. मी तो चार वेळा वाचला. पाचव्यांदा सासरेबुवांना ओरडून वाचून दाखवला, तो काकूंनी भिंतीपलीकडून ऐकला.

या आठवड्यात तीन फोन. दहा हवेत.

१३ मार्च

चौथे. पण चौथं असून उपयोग नाही! नकाशावर तीनच नावं दिसतात. चौथं बघायला 'आणखी' दाबावं लागतं, आणि दाराबाहेर अडकलेला माणूस आणखी कशाला दाबेल.

वरचे तीन बघितले. एक 'चोवीस तास कुलूप सेवा'. दुसरी 'तत्पर किल्ली', तिसरा 'आपला किल्लीवाला'. एकाचंही नाव या गावात मी कधी ऐकलेलं नाही, आणि या धंद्यातला गावातला प्रत्येक माणूस मला माहीत आहे.

तिघांना फोन लावला. तिन्ही वेळा एकच बाई! तोच आवाज, तीच सर्दी. "आमचा माणूस अर्ध्या तासात पोचेल, पत्ता सांगा." मी ठेवून दिला.

एकच आहेत हे. तीन नावांनी तिन्ही जागा अडवून बसलेत!

१४ मार्च

तिन्ही पत्त्यांवर जाऊन आले. पायांचे तुकडे पडलेत, पण आनंद मावत नाही.

पहिल्या पत्त्यावर कपडे धुण्याचं दुकान. त्यातला माणूस म्हणाला, किल्ल्या विचारत येणारी तुम्ही या महिन्यातली सहावी. दुसऱ्या पत्त्यावर बंद गॅरेज. तिसरा पत्ता म्हणजे एका इमारतीचा जिना. जिना! फोटो काढले सगळ्यांचे. दुकान नाही, पाटी नाही, कुणी नाही. दूर कुठंतरी ती सर्दीवाली बाई फोन घेते आणि गावातल्याच कुठल्यातरी गरजू किल्लीवाल्याला काम देते, आणि अर्ध्याहून जास्त स्वतः ठेवते. व्हिडिओत हे सगळं सांगितलंय, असले लोक जगभर आहेत.

कोण करत असेल त्यांचं काम इथं? बाजारातला तो लंगडा उस्ताद असावा. माणूस असा मिंधा कसा होऊ शकतो, देव जाणे.

१५ मार्च

तक्रारीचे तीन अर्ज भरले, फोटो जोडले. यांना दाखवले.

"कशाला?" म्हणाले. कपाळावर आठ्या. "कुणाच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? आपण आपलं काम करावं."

माझा तोल गेला. म्हटलं, आपल्या पोटावर पाय दिलाय त्यांनी, आणि तुम्हाला त्यांचा पुळका! तुम्हाला दुकान राहायलाच नकोय. तोंडानं सांगा ना एकदाचं!

पेटी साफ करत बसले. इतका वेळ, की पेटीत साफ करण्यासारखं काही उरलं नसेल. मी अर्ज पाठवून दिले.

१९ मार्च

उडालं! 'आपला किल्लीवाला' नकाशावरून गेला! जिन्याचा पत्ता होता तो.

आम्ही तिसरे! दिसतोय! काकूंच्या मोबाइलवर, चहावाल्याच्या मोबाइलवर, बँकेत रांगेत उभ्या असलेल्या एका अनोळखी आजोबांच्या मोबाइलवर — सगळीकडे तिसरे! आजोबांना वाटलं, मी काहीतरी विकतेय.

या आठवड्यात पाच फोन. दहा होतील. होणारच.

२१ मार्च

आठ फोन.

पण यांचं काहीतरी बिनसलंय. त्यांची जुनी गिऱ्हाईकं या आठवड्यात अगदी थंड आहेत, पेटी घेऊन एकदाच बाहेर गेले. मी म्हटलं, नवी येताहेत ना, मग? तर म्हणाले, "हो, येताहेत." आठ फोनांतली कामं झाली, पण त्यांतली पाच बारीकसारीक होती, हेही खरं.

मला भांडायचं नव्हतं. भांडले. त्यांच्या ताटातला घास तसाच राहिला.

२४ मार्च

उरलेल्या दोन तक्रारी फेटाळल्या. 'पुरावा अपुरा.' बंद गॅरेजच्या फोटोनं काय सिद्ध होतं, बरोबरच आहे म्हणा.

छापखानेवाले आता रोज विचारतात, कितवे आलात? त्यांनीच युक्ती सांगितली. त्यांना काम सांगून बोलवा. माणूस येईल, पावती देईल. पावतीवर तिसरंच नाव असेल, नाहीतर नसेलच. माणसाचा, पेटीचा, पावतीचा फोटो जोडा. मग दोन्ही नावं एकदम जातील आणि तुम्ही पहिले.

पहिले! खरे पहिले. एकतीसला सात दिवस आहेत.

आठवड्याचे फोन नऊ झाले. एक कमी. एक!

२६ मार्च

उद्या. काकू गेल्या महिन्यात नव्या जागेत राहायला गेल्यात, तिकडं आमच्यापैकी कुणी अजून गेलेलं नाही. पत्ता तिथला द्यायचा, फोन काकूंच्या मोबाइलवरून. काकूंना असला आनंद झालाय, जसं काही चोर पकडायला निघालोय. "साडी कुठली नेसू?" विचारतात!

यांना सांगितलेलं नाही. पुन्हा 'कशाला' ऐकायचं नाही मला. पहिला नंबर आल्यावरच दाखवीन. मग बघू, 'बरं' म्हणतात की काय म्हणतात.

लंगडा उस्ताद आला तर त्याला काय बोलायचं तेही ठरवलंय. चांगलं खडसावणार आहे. या वयात लाज नाही वाटत, असं विचारणार आहे.

२७ मार्च

पंचवीस मिनिटांत बेल वाजली. मोबाइल सरसावून मी दार उघडलं. समोर हे.

हातात पेटी. माझ्याकडे बघितलं, मग दारावरच्या नंबरकडे, मग हातातल्या चिठ्ठीकडे. "पत्ता हाच दिलाय," एवढंच म्हणाले.

सव्वा वर्ष हे त्या सर्दीवाल्या बाईचीच कामं करत होते. जुनं गिऱ्हाईक एकही नव्हतं. ज्यांना मी ओढून खाली पाडत होते, त्यांच्याच कामावर आमचं दुकान उभं होतं. "त्यांच्या हाताखाली राहण्यापेक्षा भावाच्या गोदामात गेलेलं बरं वाटत होतं," हे म्हणाले, "पण तू इतकी जिवावर उदार होऊन लढत होतीस, तुला कुठल्या तोंडानं सांगू?" मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझीच लाज वाटली.

काकू आतल्या खोलीत गेल्या. कुलपात काहीच बिघाड नव्हता. तरी हे खाली बसले, ते उघडलं, साफ केलं, तेल घातलं. मी शेजारी बसून बॅटरी धरली. फोटो काढला नाही.